चिंचेने घासलेली शिवराई

श्री. दत्ताराम मेस्त्री यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांनी मला पाहिलंच नाही. लालबागच्या चाळीत मी नवी सून होते. आमचे हे गिरणीत कापडछपाईच्या तांब्याच्या रोळांवर नक्षी कोरायचे, आणि मेस्त्री त्यांच्या हाताखाली नुकतेच लागले होते. एका रविवारी हे त्यांना जेवायला घेऊन आले. पानं वाढली आणि ह्यांना काय सुचलं कोण जाणे, म्हणाले, "दाखव गो तुझो तो पैसो. हेका जुन्या पैशांचा याड आसा."

त्या पैशाची गोष्ट आधी सांगते. माझ्या माहेरी, कोकणात, वडिलांनी परसात माड लावायला खड्डा खणला, त्यात तांब्याचं एक काळंकुट्ट नाणं निघालं. आईनं लग्नात ते चिंधीत बांधून माझ्या फणी-कुंकवाच्या फणेरपेटीत ठेवून दिलं. मेस्त्रींनी ते तळहातावर घेतलं, खिशातून भिंग काढलं, आणि मग समोर नवी वहिनी उभी आहे, पानात वालाची उसळ आहे, याचं त्यांना भान उरलं नाही.

"वहिनी, ही शिवराई आहे. कुठून आली?"

"माहेरून. आणि मी परत जायची नाही, तशी तीही जायची नाही."

हे हसले. मेस्त्री हसले नाहीत. "तसं नव्हे. माहेरी कुठून? घरात होती की जमिनीत? किती खोल? शेजारी खापर-बिपर काही निघालं?"

भात निवला, उसळ निवली, प्रश्न काही निवले नाहीत. त्या दिवसापासून ते माझे भावोजी आणि मी त्यांची वहिनी. यंदा भावोजी पंचाहत्तर वर्षांचे झाले, भिंग अजून त्याच खिशात असतं. मागे एकदा लालबागच्या बाजारात त्यांनी ते बांगड्याच्या कल्ल्यांवर धरलं. कोळीण म्हणाली, "ओ शेट, म्हावरं घेतोस का त्याची सोयरीक जुळवतोस?" भावोजींनी अत्यंत गंभीरपणे सांगितलं, "बाई, हा कालचा आहे." आम्ही तिथून मासे न घेता परतलो, हे वेगळं सांगायला नको.

या गौरवग्रंथात मोठमोठ्या विद्वानांचे लेख आहेत. त्यांत माझा कशाला, असं कुणाला वाटेल. माझं नाव सरस्वती धुरी. नाव सरस्वती असलं तरी अक्षराशी माझी ओळख झाली नाही ती नाहीच. हा लेख मी बोलते आहे आणि माझी नात मृणाल लिहिते आहे. ती मधेमधे माझी वाक्यं घासूनपुसून सारखी करायला बघते. तिला सांगून ठेवलंय, हात लावायचा नाही. का लावायचा नाही, ते पुढे येईल.

हा ग्रंथ दोन संस्था मिळून काढताहेत, हेच मोठं नवल आहे. एक आमचं लालबागचं नाणी-छंद मंडळ आणि दुसरी गिरगावातली नाणक-अभ्यास सभा. भावोजी दोन्हीकडचे. मी दोन्ही पाहिल्या आहेत, म्हणून वाचणाऱ्यांना फरक सांगते.

मंडळ दर रविवारी व्यायामशाळेच्या खोलीत भरतं. सभासद व्हायचं तर लागोपाठ दोन रविवार यायचं आणि आपलं नाव मोठ्यानं सांगायचं, बस. इथे सगळे एकदम बोलतात. नाणं सरळ हातात देतात, "बघ रे, कसलं भारी आहे!" म्हणतात, आणि पहिला प्रश्न असतो, "कितीला मिळालं?" मसाला कुटून देणारे परब आमचे जुने सभासद. त्यांचा नाण्यांचा अल्बम उघडला की मिरचीच्या खकाण्यानं अख्खं मंडळ शिंकतं. कुणाला एक नाणं मिळालं की सगळ्यांना आनंद होतो, आणि थोडा मत्सरही.

सभेत जायचं तर आधी एकानं तुमचं नाव सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग सगळ्यांनी महिनाभर विचार करायचा. तिथे एक जण बोलतो आणि बाकीचे ऐकतात. एक आजोबा ताठ बसून झोपतात, पण टाळ्या वेळेवर वाजवतात. नाणं हातात देत नाहीत, मखमलीवर ठेवून दाखवतात. कितीला, हे कुणी विचारत नाही. "कुठे सापडलं?" असं विचारतात. हा प्रश्न मी पहिल्यांदा सभेत ऐकला तेव्हा मला हसू आलं. हा तर आमच्या वालाच्या उसळीवरचा प्रश्न!

मंडळाचे लोक सभेला 'चष्मेवाले' म्हणायचे, आणि सभेचे लोक मंडळाला काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. या ग्रंथावरूनही भांडणं झालीच. मंडळाला रंगीत फोटो हवे होते, सभेला तळटिपा हव्या होत्या. मी मृणालला विचारलं, "तळटीप म्हणजे काय गो?" ती म्हणाली, "आजी, वर जे छापलंय त्याबद्दल खरं काय, कुठून कळलं, ते खाली बारीक अक्षरात सांगतात." मला ते फार आवडलं. हा माझा लेख तळटीपच समजा.

कशावरची, ते आता सांगते. ग्रंथाच्या सुरुवातीला भावोजींचा जीवनपट आहे. सभेच्या आताच्या कार्यवाह वैदेहीताई यांनी तो सभेची जुनी इतिवृत्तं चाळून, मन लावून लिहिला आहे. छापायला जायच्या आधी मृणालनं मला तो वाचून दाखवला. मी खुशीत ऐकत होते. तेवढ्यात हे वाक्य आलं : "सुरुवातीच्या काळात छंदाच्या उत्साहात त्यांच्या हातून एका महत्त्वाच्या नाण्याची सफाई झाली व पुरावा नष्ट झाला, पुढे मात्र ते शास्त्रशुद्ध अभ्यासाकडे वळले."

"थांब," मी म्हटलं. "परत वाच."

तिनं परत वाचलं. त्या वाक्यातली एकच गोष्ट खरी आहे. नाण्याची सफाई झाली. ती मी केली.

गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती. भावोजी परळला एका जिन्याखाली बसून पितळेच्या नावाच्या पाट्या कोरायचे. सभेत त्यांना 'सहयोगी' म्हणून घेतलं होतं. सहयोगी म्हणजे खुर्ची मिळते, बोलायला मिळत नाही. पुरता सभासद व्हायचं तर निबंध वाचावा लागे आणि तो पसंत व्हावा लागे. भावोजींनी निबंध तयार केला. त्यातलं मला कळलं तेवढं सांगते. नाणं पाडायचं तर आधी ठशावर अक्षरं उलटी कोरतात. गिरणीतल्या रोळावरची नक्षीही उलटीच कोरायची असते. त्यामुळे विद्वान नाण्यावरचं अक्षर वाचतात आणि भावोजी ते कोरणाऱ्याचा हात वाचतात. शिवराईवर 'श्री राजा शिव' अशी अक्षरं असतात. त्यांच्याजवळच्या एका शिवराईवर 'राजा'तल्या र च्या पायाला एक बारीक खाच होती. तशीच्या तशी खाच माझ्या शिवराईवर. भावोजींचं म्हणणं, की कोरणाऱ्याच्या कोरणीचं टोक मोडलं होतं, ती एकाच कारागिराची खूण आहे, आणि लांब लांब सापडलेली ही नाणी एकाच हातची आहेत. माझं नाणं महत्त्वाचं का, तर ते जमिनीतून निघालेलं, अंगावरचा काळपटपणा जसाच्या तसा, आणि त्या खाचेत आमच्या परसातली माती घट्ट बसलेली. म्हणजे खाच जुनी, हे उघड.

"वहिनी, एका दिवसापुरती द्याल?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी ती मागितली नव्हती. दर गणपतीला दर्शनाला यायचे, मोदक खायचे आणि तिला भेटून जायचे.

मी म्हटलं, "देते. पण मी पण येणार. माहेरची आहे, एकटी पाठवायची नाही."

आदल्या दिवशी मी ती फणेरपेटीतून काढली आणि मला रडायला आलं. एवढ्या मोठ्या लोकांपुढे जायचं आणि ही अशी मळकी, काळी! मुलगी दाखवायला नेताना आपण काय करतो? मी चिंचेचा कोळ काढला, मीठ घातलं आणि नारळाच्या शेंडीनं घासायला बसले. खाचेतली माती निघता निघेना, तर केसातला आकडा काढून ती कोरून काढली. शेवटी शिवराई अशी झळकली, की देवाचा तांब्या तिच्यापुढे फिका. नव्या खणाच्या तुकड्यात बांधली आणि भावोजींच्या हातात देताना सांगितलं, "तिथे गेल्यावरच उघडा हां." ते माझा शब्द मोडत नाहीत. त्या दिवशी मोडला असता तर बरं झालं असतं.

सभेत मी मागच्या खुर्चीवर बसले. भावोजींनी निबंध वाचला. मग खण सोडला.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, कौतुक दिसेल म्हणून. त्यांनी डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा नाणं सोडून माझ्याकडे. त्या वेळच्या कार्यवाहांनी पुढे येऊन भिंग लावलं.

"मेस्त्री, हे काय आहे?"

"शिवराई."

"ते दिसतंय. नको तितकं दिसतंय. घासली कुणी?"

काहीतरी बिघडलंय एवढं मला कळलं. काय ते कळलं नाही. मी उठायला खुर्चीचा हात धरला.

"मी," भावोजी म्हणाले. "मीच घासली. चुकलं."

"खाचेत माती होती म्हणता. आता तर खाच ताजी दिसतेय," कार्यवाह म्हणाले. "तुम्ही धातूवर कोरायचंच काम करता, नाही का?"

त्या प्रश्नाचा अर्थ मला त्या दिवशी समजला नाही, फार पुढे समजला. खाच तुम्हीच पाडली असेल, असं ते म्हणत होते. जो माणूस रोळावरची रेघ केसभर चुकली तर अख्खा रोळ पुन्हा घासून पहिल्यापासून कोरायचा, त्याला ते असं म्हणत होते. निबंध नामंजूर झाला. इतिवृत्तात लिहिलं गेलं, की श्री. मेस्त्री यांनी नाणे स्वतः साफ केल्यामुळे विचार करता येत नाही.

गिरगावातून बसनं परत येताना मी विचारलं, "भावोजी, खोटं का बोललात?"

ते म्हणाले, "वहिनी, त्यांनी तुम्हाला विचारलं असतं, का घासली. तुम्ही खरं तेच सांगितलं असतं, पाहुण्यांकडे जायचं म्हणून. आणि ते हसले असते. मला हसले तर चालतं. तुम्हाला हसलेलं मला चालायचं नाही." लालबाग आल्यावर उतरताना म्हणाले, "हे कुणाला सांगायचं नाही. धुरींनासुद्धा नाही. शपथ घ्या." मी घेतली. चिंच मात्र त्या वर्षी घरात आणली नाही. आमटीत कोकम घातलं. ह्यांनी विचारलं तर सांगितलं, महाग झालीय.

दुसरा कुणी असता तर सभेकडे पाठ फिरवून बसला असता. भावोजी पुढच्या बैठकीला त्याच खुर्चीवर जाऊन बसले. आणि रविवारी मंडळात येऊन त्यांनी एक नवीन काम सुरू केलं. कुणीही नाणं आणलं, की ते एक कागदी पाकीट काढत आणि त्यावर लिहीत : कुणी आणलं, कुठल्या गावचं, कुणाच्या घरात होतं, की जमिनीत होतं. लोक वैतागायचे. "मेस्त्री नाण्याची जन्मपत्रिका काढतात," परब म्हणायचे. "आता गुण जुळवून लगीन पण लावा." भावोजी शांतपणे विचारायचे, "गाव कुठलं म्हणालात?" आणि पाकीट झाल्यावर प्रत्येकाला एकच सांगायचे : "घासू नका. तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, नाण्याचं वय आहे." हे म्हणताना माझ्याकडे मात्र कधी चुकूनही बघायचे नाहीत.

हे गेल्यावर मी घरात बसून राहायला लागले, तेव्हा भावोजींनी मला मंडळात ओढून नेलं. "नाणी निवडायला माणूस हवंय." मी म्हटलं, "मला वाचता येत नाही." ते म्हणाले, "म्हणूनच हव्यात." मला वाटलं, थट्टा करतात. थट्टा त्यांना येत नाही, हे मी विसरले होते.

एकदा परबांनी गावाहून मूठभर शिवराया आणल्या, मातीसकट. सगळे अक्षरं लावत बसले होते. मी तीन बाजूला काढल्या आणि म्हटलं, "ह्या तिघी बहिणी. तिघी लंगड्या." सगळे बघायला लागले. मी दाखवलं, "ही काय, ह्या बाईचा पाय मुडपलाय." मला तो र आहे हे कुठे ठाऊक? ज्यांना वाचता येतं त्यांना तिथे र दिसतो, कारण तिथे र असायलाच हवा. मला मुडपलेला पाय दिसला.

भावोजींनी भिंग लावलं. खाचांमध्ये माती तशीच होती. त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. परबांना वाटलं, मिरची गेली. "पाणी द्या रे त्यांना!" म्हणून ओरडले. मला ठाऊक होतं काय गेलंय ते.

त्या तीन नाण्यांवर, आणि पाकिटांवर लिहिलेल्या गावांवर, भावोजींचा निबंध सभेत दुसऱ्यांदा वाचला गेला. या वेळी सगळे उभे राहिले. झोपणारे आजोबासुद्धा. सभेनं त्यांना पुरतं सभासद केलं, आणि मंडळाची पाकिटं बघायला गिरगावचे चष्मेवाले लालबागला, व्यायामशाळेत येऊन शिंकायला लागले. दोन्ही संस्था एका खोलीत आल्या त्या अशा. निबंधात त्या जातीच्या नाण्याला भावोजींनी नाव दिलं, 'लंगडी शिवराई'. कुणीतरी म्हणालं, शब्द शास्त्रीय नाही. भावोजी म्हणाले, "ज्यांनी ओळखली त्यांचा शब्द आहे. राहील." छापलेल्या निबंधात माझं नाव आहे म्हणतात. मृणालनं बोट ठेवून दाखवलं.

पण जुनं इतिवृत्त तसंच राहिलं, आणि तेच आता या ग्रंथात चढणार होतं.

त्यांच्या मायेच्या गोष्टी सांगायला बसले तर ग्रंथ पुरायचा नाही. माझ्या आईची गावाहून पत्रं यायची ती भावोजी वाचून दाखवायचे. आधी मनात वाचायचे, मग मला सांगायचे. आई आजारी होती तेव्हा त्यांनी वाचलं, "तब्येत जरा बरी नाही, तू येऊन जा," आणि खिशातून एसटीचं तिकीट काढून दिलं. पत्रात काय होतं ते मला माहेरी पोचल्यावर कळलं. मी वेळेवर पोचले होते.

आमच्या दाराला त्यांनी पितळेची पाटी करून दिली. त्या वेळी चाळीत दारावर पुरुषाचंच नाव असायचं. त्यांनी ह्यांच्या नावाखाली माझंही कोरलं. मी म्हटलं, "मला वाचता येत नाही, कशाला तुमची मेहनत?" त्यांनी माझं बोट धरलं आणि अक्षरांवरून फिरवलं. "हे स. हे र." तेव्हापासून माझं नाव मला बोटाला येतं. डोळ्याला अजून येत नाही. आता चाळ गेली, टॉवर झाला, सोसायटी म्हणते सगळ्या दारांवर एकसारख्या पाट्या हव्यात. मी म्हटलं, "सेक्रेटरीसाहेब, आधी मला काढा, मग पाटी." पाटी आहे.

तर, ते वाक्य. मृणालनं वैदेहीताईंना फोन केला. त्या घरी आल्या, सगळं ऐकून त्यांचे डोळे भरले. म्हणाल्या, "आजी, मी ते वाक्य काढून टाकते. आणि ठराव करून जुन्या इतिवृत्तातलंही खोडून घेते."

"अजिबात नाही," मी म्हटलं. "एकदा मी घासून बसलेय, आता तुम्ही घासू नका. आहे ते तसंच राहू दे. फक्त खाली बारीक अक्षरात खरं लिहा : ती शिवराई सरस्वती धुरी हिने चिंचेने घासली, मेस्त्रींनी दोष आपल्या अंगावर घेतला. इथेही लिहा आणि इतिवृत्तातही लिहा."

मग मी फणेरपेटी उघडली. त्या शिवराईचंही भावोजींनी पाकीट केलं होतं, ते इतकी वर्षं मी कुणाला वाचायला दिलं नव्हतं. वैदेहीताईंनी वाचलं : "सौ. सरस्वती धुरी यांच्या माहेरी, परसात, माडाच्या खड्ड्यात सापडलेली. साफ केलेली. कारण : पाहुण्यांकडे जायचे होते." कुणी साफ केली, ते लिहिलेलं नाही. सभेत ते माझ्यासाठी खोटं बोलले. पाकिटावर त्यांना खोटं लिहिता आलं नाही. असा हा माणूस आहे.

भावोजींना यातलं काही ठाऊक नाही. ग्रंथ हातात पडल्यावर ते आधी तळटिपा वाचतील, आणि रागावतील. भावोजी, रागवा. शपथ मोडलीय मी. पण तुम्ही कुणाला मला हसू दिलं नाहीत, मग तुमच्यावर डाग राहिलेला मी कसा चालवून घेऊ? आता आपण दोघं म्हातारी झालोय, हसले लोक तर हसू देत. पाहुण्यांकडे जायचं म्हणूनच घासली होती मी, आणि तुमच्यासाठी घासली होती.

शिवराई पुन्हा काळी पडायला लागली आहे. अगदी हळू, पण पडते आहे. भावोजी, तुमचंही वय तुमच्या अंगावर असंच दाट बसू दे. डोळे शाबूत राहू देत, भिंग त्याच खिशात राहू दे, आणि अजून पुष्कळ गणपती मोदक खायला आणि तिला भेटायला या. कुणी तुम्हाला घासूनपुसून चकचकीत करायला आलंच, तर मी दारातच आहे. चिंच संपली म्हणून सांगेन.

लेखाखाली सही लागते म्हणतात. मृणाल अंगठ्यासाठी शाई शोधत होती. मी तिला दारावरच्या पाटीवर कागद धरायला लावला आणि वरून पेन्सिल घासली. हळू घासली, या वेळी काही निघून गेलं नाही. माझं नाव उमटलं आहे, खाली पाहा. अक्षर भावोजींचं आहे.